सफारीची उंची

यंदाच्या अंकाचा विषय ‘पिढी’ असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर गायकीतली घराणी, आजी-नात, गुरू-शिष्य असं काहीतरी असणार. मी म्हटलं, मी टाटा सफारीवर लिहितो. पलीकडून ‘बरं’ आलं, पण त्यात ‘बघू या’च जास्त होतं.

सफारी १९९८ साली रस्त्यावर आली. मधला थोडा खंड सोडला तर हे नाव आजही शोरूममध्ये आहे. त्या नावाखाली आजवर विकल्या गेलेल्या गाड्या मात्र एक नाहीत. पहिली १९९८ ची. तिची इंजिनं बदलत गेली, पण ती बरीच वर्षं चालली. दुसरी २०१२ ची सफारी स्टॉर्म, चेहरा जवळजवळ तोच आणि खालची चेसिस नवी. तिसरी २०२१ ची. तिचा आधीच्या दोघींशी नटबोल्टाचाही संबंध नाही म्हटलं तरी चालेल.

पिंपळे सौदागरमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टॉर्म आणि नवी सफारी शेजारी शेजारी उभ्या असतात. कंपनीच्या कागदांप्रमाणे स्टॉर्मची लांबी ४६५५ मिलिमीटर, नवीची ४६६१. म्हणजे फरक सहा मिलिमीटरचा, बंपरवरच्या रंगाच्या थरात हरवेल एवढा. उंचीचं तसं नाही. स्टॉर्म १९२२ मिलिमीटर, नवी १७८६. टेप लावायचीही गरज पडत नाही. वॉचमनकाका जुनीच्या छपरावरची धूळ पुसायला स्टूल घेतात आणि नवीचं छप्पर टाचा उंचावून पुसतात. गंमत म्हणजे जमिनीपासूनचं अंतर दोन्हींत २०० मिलिमीटरच्या आसपासच आहे. मग मधले साडेतेरा सेंटीमीटर गेले कुठे? या प्रश्नाच्या मागे लागलं की डिझाइनपेक्षा रस्ता, कर, कायदा आणि गॅरेज यांच्याच गोष्टी जास्त ऐकायला मिळतात.

ट्रकवाल्यांची गाडी

कंपनीचं नाव बदलून टाटा मोटर्स झालं २००३ मध्ये, पण पिंपरी-चिंचवडच्या जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘टेल्को’च आहे. ‘टेल्कोत लागला’ हे एकेकाळी लग्नाच्या बोलणीत पुरेसं वाक्य होतं. ही कंपनी ट्रकची. जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझशी १९५४ मध्ये झालेला करार १९६९ ला संपला, आणि तोवर पुण्यात सुमंत मुळगावकरांनी स्वतःची अवजारं, साचे आणि डाया स्वतःच बनवायचा आग्रह धरून एक अख्खी व्यवस्था उभी केली होती. पत्रा दाबून हवा तो आकार काढायची कला घरात असल्यामुळेच ही मंडळी पुढे छोट्या गाड्यांकडे वळू शकली.

१९८८ मध्ये टाटामोबाइल नावाचा पिकअप आला. सफारीचा पाया तिथला. पिकअपची चेसिस हाताशी होती. तिच्यावर वेगळं धड बसवलं की वेगळी गाडी. १९९१ मध्ये तीन दारांची सिएरा निघाली, मागोमाग इस्टेट, आणि १९९४ मध्ये सुमो, जिच्या नावात मुळगावकरांच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरं आहेत. सुमो वडापवाल्यांपासून आमदारांपर्यंत सगळ्यांनी घेतली. मग १९९८ मध्ये, इंडिका आली त्याच वर्षी, सफारी.

या सगळ्या गाड्यांची रचना ट्रकसारखी. खाली पोलादाच्या दोन लांब तुळया, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल सगळं त्यावर. धड वेगळं तयार करून रबरी बुशांवर ठेवायचं आणि बोल्ट आवळायचे. याला लॅडर फ्रेम म्हणतात. गाडीची फरशी या तुळयांच्या वर येते, म्हणून आत शिरायचं तर आधी फूटबोर्डवर पाय द्यावा लागतो. मागच्या चाकांना फिरवणारा प्रॉपेलर शाफ्ट आणि त्याच्या टोकाचं डिफरन्शियल यांनाही खाली हालचालीला जागा लागते. उंची हौसेनं दिलेली नव्हती, ती या मांडणीतून आपोआप आली होती. कंपनीनं मात्र तिची हौस केली. छताला मागच्या बाजूला एक पायरी दिली, मागच्या दारावर स्टेपनी टांगली, आणि जाहिरातींत ही गाडी डोंगर-दऱ्यांत सोडून दिली.

त्या काळी या पैशांत दुसरं काय मिळत होतं ते आठवलं म्हणजे सफारीचा दरारा कळतो. महिंद्राची आरमाडा, मारुतीची जिप्सी, सुमो. परदेशी पजेरो सिनेमात किंवा फार मोठ्या माणसाच्या दारात. अशा वेळी विजेवर चालणाऱ्या काचा आणि थंडगार एसी असलेली ही उंच गाडी तालुक्याच्या गावात पहिल्यांदा शिरली, की पोरं मागे धावत. इंजिन मात्र १९४८ सीसीचं टर्बो डिझेल, ताकद नव्वद अश्वशक्तीच्याही आत. दोन टनांच्या आसपासच्या देहाला ते पुरेना. बोरघाटात गाडी भरलेली असली की सफारीवाले गप्प बसत आणि मागचे हॉर्न वाजवत. रुबाब आणि ताकद यांच्यातली ही दरी भरून काढण्यातच पहिल्या पिढीची पुढची वर्षं गेली.

सोळा-सतराचा पाना

भोसरीत एमआयडीसीच्या मागच्या अंगाला जुन्या सफारींचं एक गॅरेज आहे. चालवणाऱ्यांना सगळे ‘मामा’ म्हणतात. ऐंशीच्या दशकात टेल्कोत ॲप्रेंटिस होते, कायम झाले नाहीत, ‘तेच बरं झालं’ म्हणतात. मी गेलो तेव्हा पहिल्या पिढीची एक निळी सफारी रॅम्पवर होती आणि मालकाची तक्रार एकच: नाक खाली गेलंय.

मामांनी मला खाली बोलावलं. पुढच्या चाकाच्या आर्मपासून निघून चेसिसच्या कडेनं मागे गेलेली अंगठ्याएवढ्या जाडीची पोलादी सळई दाखवली. हा टॉर्शन बार. या गाडीला पुढे स्प्रिंग नाही, ही सळईच स्प्रिंगचं काम करते. चाक खड्ड्याच्या काठावर वर चढलं की सळईला पीळ बसतो, पीळ उलटा सुटला की चाक खाली येतं. मागच्या टोकाला एक बोल्ट. तो आवळला की सळई आधीच थोडी पिळली जाते आणि गाडीचं नाक वर येतं. मामांनी पोराकडून पाना मागितला, बोल्टावर चढलेल्या गंजावर तेल सोडलं, थांबले, मग दोन-तीन आटे दिले. बाहेर उभ्या मालकाला म्हणाले, ‘बघा हो, आलं का?’ दोन्ही बाजूंना फेंडर आणि चाकामधली पोकळी त्यांनी वितीनं मापली. पार्ट एकही बदलला नाही.

‘अजून वर घ्या की,’ मालक म्हणाला.

‘अजून वर घेतलं तर बॉल जॉइंट खाईल. मग माझ्याकडेच येणार तुम्ही.’

पहिल्या इंजिनाबद्दल मामा आपुलकीनं बोलतात. ‘टीसी’ म्हणतात त्याला. डिझेल संपून गाडीनं एअर धरली, तर ड्रायव्हर स्वतः काढायचा. फिल्टरवरचा पंप हातानं दाबायचा, नोझलच्या पाइपचा नट सोळा-सतराच्या पान्यानं सैल करायचा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. आधी फेस येतो, बुडबुडे येतात, मग सरळ धार लागते. नट आवळा, गाडी चालू. सुमो आणि २०७ पिकअप याच कुळातले असल्यानं पार्ट तालुक्याला मिळायचे. बऱ्याच सफारी इतकी वर्षं टिकल्या, त्याचं कारण मजबुतीपेक्षा हे जास्त असावं असं माझं मत झालं आहे. गाडी बिघडायची पुष्कळ, पण दुरुस्त कुठेही व्हायची.

२००५ मध्ये सफारीला तीन लिटरचं डायकोर इंजिन आलं. त्याचा आकारमानाचा आकडा २९५६ सीसी. मामांनी तो आकडा उच्चारून माझ्याकडे पाहिलं, मला काही उमगलं नाही. ‘अहो, चारशेसात!’ म्हणजे ४०७ टेम्पोचं इंजिन याच आकारमानाचं, याच घराण्यातलं. त्याला कॉमन रेलची इंधनव्यवस्था देऊन सफारीत बसवलं होतं. ओढ भरपूर, आवाजही भरपूर. पण दोनच वर्षांत ते गेलं आणि २००७ मध्ये २.२ लिटरचं, १४० अश्वशक्तीचं नवं डायकोर आलं. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग तोवर पूर्ण होऊन पाच वर्षं झाली होती, चौपदरी महामार्ग देशभर पसरत होते, आणि लोकांना चढावर दुसऱ्याला ओलांडायचं होतं. पहिल्यांदाच सफारीचा रुबाब आणि इंजिन एका मापाचे झाले. जुन्या सफारीचे शौकीन आज शोधत असतात ती बहुतेक हीच.

मात्र इथेच सोळा-सतराचा पाना बाजूला पडला. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो, ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या शंभरपटींहून जास्त. चालू इंजिनावर तिथला नट सैल करणं म्हणजे बोटं गमावणं. मामांनी स्कॅनर घेतला, मुलाला तो शिकायला लावला. ‘आधी गाडी ऐकायचो, आता गाडी वाचावी लागते,’ असं मामांचा मुलगा मला म्हणाला. मामांना हे वाक्य आवडलं नाही. ‘ऐकायचं आजही,’ ते म्हणाले. ‘कोड इंजेक्टरचा येतो आणि दोष वायरिंगचा असतो.’

नवी सफारी त्यांच्याकडे क्वचित येते. आली तर बहुधा डीपीएफचा दिवा लागला म्हणून. बीएस ६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी ही जाळी असते. ती भरली की इंजिन जास्तीची उष्णता सोडून काजळी जाळून टाकतं, पण त्यासाठी गाडी बराच वेळ एका वेगानं पळायला हवी. हिंजवडीच्या गर्दीत तासभर रांगणाऱ्या गाडीला ते जमत नाही. मामांचा यावरचा इलाज विनाशुल्क आहे: ‘लोणावळ्याला जाऊन चहा पिऊन या.’

मागची आडवी बाकं

एका साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांचे ड्रायव्हर कात्रजच्या अलीकडे एका हॉटेलात भेटले. वीसेक वर्षं साहेबांच्याच गाडीवर आहेत. सुमो, सफारी, स्टॉर्म, आणि आता साहेबांनी नवी सफारी घेतली आहे. मी विचारलं, ‘दादा, फरक काय वाटतो?’

नवी आरामाची आहे, आवाज नाही, स्टिअरिंग लोण्यासारखं, हे सगळं त्यांनी आधी सांगून टाकलं. मग म्हणाले, ‘पण गर्दीत साहेब दिसत नाहीत.’

जुन्या सफारीत मागच्या भागात एकमेकांसमोर दोन आडवी बाकं होती. कुटुंबवाल्यांना ती गैरसोयीची वाटत, मुलांना घाटात उलट्या होत. पण ताफ्यासाठी यापेक्षा चांगली मांडणी नव्हती. मागचं दार कुशीवर, म्हणजे घराच्या दारासारखं उघडायचं. गाडी पुरती थांबायच्या आत बाकांवरचे दोघं-तिघं एकदम खाली. बाजूच्या फूटबोर्डवर उभं राहून वरचा कॅरिअर धरता यायचा. पंतप्रधानांच्या ताफ्यात जॅमरचे अँटेना लावलेल्या सफारी देशानं टीव्हीवर वर्षानुवर्षं पाहिल्या. जिल्ह्याजिल्ह्यांतले पुढारी ती चित्रं पाहूनच गाडी निवडत असावेत. नव्या सफारीत तिसरी रांग पुढे तोंड करून आहे, पट्ट्यांसकट. तिथून उतरायचं तर मधली सीट मोडावी लागते आणि मागचं दार छपराकडे वर उघडतं. ड्रायव्हरदादांच्या भाषेत, ‘बॉडीगार्डची गाडी पोरांची झाली.’

मला यात वावगं दिसत नाही. आडव्या बाकावर बसलेल्या माणसाला ना पट्टा, ना डोक्यामागे आधार. मागून ट्रकनं धडक दिली तर पहिला तोच. गावच्या लग्नांत त्या बाकांवर कोंबलेली पोरं आठवली की आजही अंगावर काटा येतो.

लष्करानं मात्र जुनीच रचना पसंत केली. जिप्सीच्या जागी ८०० किलो भार वाहणारी, कडक छपराची, एसी असलेली गाडी हवी होती. चाचण्यांत सफारी स्टॉर्म उतरली आणि २०१७ मध्ये ३१९२ गाड्यांचं कंत्राट टाटांना मिळालं. मळकट हिरव्या रंगाच्या, जेरीकॅन आणि अँटेनाची सोय असलेल्या त्या गाड्या पुण्यात आजही लष्करी हद्दीत दिसतात. बाजारात तेव्हा स्टॉर्मला गिऱ्हाईक मिळेनासं झालं होतं.

शिडीवरून खाली

स्टॉर्मचा शेवट कोणा एकाच्या निर्णयानं झाला नाही. २०१३ च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवरचं उत्पादन शुल्क २७ वरून ३० टक्के झालं. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी काही महिन्यांसाठी थांबवली, आणि स्टॉर्मचं इंजिन होतं २.२ लिटरचं. २०१९ मध्ये एअरबॅग, एबीएस, धडकेच्या चाचण्या सक्तीच्या झाल्या. पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस ६. विसाव्या शतकात आखलेल्या गाडीत हे सगळं बसवण्याचा खर्च करायला कंपनी तयार नव्हती. २०१९ मध्ये स्टॉर्म थांबली.

तोवर कंपनीच्या घरात दुसरी एक पाटी आली होती. टाटांनी २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली. डिस्कव्हरी स्पोर्ट ही लँड रोव्हर तेव्हा ज्या सांगाड्यावर उभी होती, त्या डी-८ वरून पुण्याच्या अभियंत्यांनी भारताला परवडेल असा ‘ओमेगा आर्क’ सांगाडा बेतला. त्यावर जानेवारी २०१९ मध्ये पाच आसनी हॅरियर आली. तिचीच मागे वाढवलेली सात आसनी आवृत्ती त्याच वर्षी जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘बझर्ड’ नावानं दिसली, २०२० च्या ऑटो एक्स्पोत ‘ग्रॅविटास’ म्हणून, आणि २०२१ च्या जानेवारीत कंपनीनं जाहीर केलं की ही सफारी. आधी गाडी झाली, नाव नंतर डकवलं. जुन्या शौकिनांचा राग मुख्यतः यावर आहे, आणि तो मला पटतो. बारशाला दोन नावं ठेवून पाहिली आणि शेवटी आजोबांचं ठेवलं, कारण गावात पत त्यांची होती.

या सांगाड्यात वेगळी चेसिस नाही. फरशी, खांब, छप्पर, पुढच्या तुळया हे सगळं जोडून एकच पेटी; मोनोकॉक. पेटीच भार पेलत असल्यानं फरशीखाली तुळयांची उंची घालवावी लागत नाही. इंजिन आडवं बसतं आणि पुढचीच चाकं फिरवतं, त्यामुळे मागे जाणारा शाफ्ट नाही, डिफरन्शियल नाही. फरशी खाली आली, तिच्याबरोबर छप्परही. साडेतेरा सेंटीमीटर गेले ते मुख्यतः इथे. आत बसलेल्याच्या डोक्यावरची जागा फारशी कमी झाली नाही. कमी झाली ती त्याच्या बुडाखालची.

बदल्यात मिळालं ते मोठं आहे. समोरून धडक बसली की या पेटीचं पुढचं अंग ठरवल्याप्रमाणे चुरगळतं आणि धक्का स्वतःत जिरवतं. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०२३ मध्ये सफारीला मोठ्यांच्या आणि मुलांच्या, दोन्ही सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले. त्याच वर्षाअखेरीस भारत एनकॅपनं पहिले निकाल जाहीर केले, ते हॅरियर आणि सफारीचेच. म्हणून लॅडर फ्रेम असुरक्षितच, असं मात्र म्हणता येत नाही. चाकणला बनणारी महिंद्राची स्कॉर्पिओ-एन लॅडर फ्रेमवर उभी आहे आणि तिलाही ग्लोबल एनकॅपचे मोठ्यांसाठी पाच तारे आहेत. टाटांकडे लँड रोव्हरचा सांगाडा होता, महिंद्राकडे शिडी चांगली बनवण्याची सवय. दोघांनी आपापल्या घरात होतं ते वापरलं.

इंजिनाचं तर आणखी मजेशीर आहे. नव्या सफारीचं दोन लिटरचं डिझेल इंजिन मुळात फियाटचं, पुणे जिल्ह्यातल्याच रांजणगावच्या संयुक्त कारखान्यात बनणारं. याच घराण्याचं इंजिन जीप कंपासमध्येही आहे. आकारमान १९५६ सीसी, म्हणजे न्यायालयानं २०१५ मध्ये आखलेल्या रेषेच्या आत. आणि १९९८ च्या पहिल्या सफारीपेक्षा फक्त आठ सीसी जास्त. तेवढ्याच आकारमानातून आता १७० अश्वशक्ती निघते, जवळजवळ दुप्पट. सफारीच्या वंशावळीत खरी प्रगती कुठे असेल तर ती या आठ सीसींच्या फरकात आहे, पण तिचा फोटो काढता येत नाही म्हणून जाहिरातीत सनरूफ असतं.

चारही चाकं

शोरूममधल्या मुलीला मी विचारलं की फोर बाय फोर आहे का. तिनं फार अदबीनं ‘टेरेन मोड आहेत सर’ असं सांगितलं. ओला, खडबडीत, साधा असे तीन मोड. ते चाकांचं घसरणं ओळखून ब्रेक आणि इंजिन आवरतात. मागच्या चाकांना ताकद देत नाहीत, कारण ती पोचवायला खाली शाफ्टच नाही. आधीच्या दोन्ही पिढ्यांत फोर बाय फोरचा पर्याय होता. घेणारे थोडे होते, वापरणारे त्याहून थोडे. कंपनीचा हिशोब चुकला असं म्हणवत नाही. २०२१ पासूनच्या डिझेल सफारीत तो पर्याय आलाच नाही. गंमत अशी की त्याच सांगाड्यातून निघालेल्या विजेवरच्या हॅरियरला २०२५ मध्ये पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटरी बसल्या आणि चारही चाकं परत फिरू लागली. विजेला शाफ्ट लागत नाही, वायर पुरते.

ज्यांना चारही चाकं खरोखर लागतात ते अजून नगर रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात येतात. तिथे स्टॉर्म फोर बाय फोरला मान आहे. स्वस्तातल्या बऱ्याच ‘डीएल’ पासिंगच्या असतात. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना हरित लवादानं २०१५ मध्ये बंदी केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली, आणि तिकडच्या चांगल्या गाड्या एनओसी घेऊन आपल्याकडे यायला लागल्या. इथे आल्यावर महाराष्ट्राचा कर भरायचा, नवा नंबर घ्यायचा; पंधरा वर्षं झाली की फिटनेस आणि हरित कर. गाडीच्या किमतीपेक्षा कागदांवर जास्त घासाघीस होते.

जुन्नरकडचे एक टोमॅटोवाले शेतकरी पांढऱ्या स्टॉर्मभोवती फिरत होते. पावसाळ्यात शेतावरच्या चढाला मागच्या चाकांची गाडी फिरते, चढत नाही, म्हणून ही पाहत होते. त्यांनी चालू गाडीत फोर बाय फोर लावून घेतलं, गाडी पुढे-मागे केली, कान देऊन ऐकलं, उतरले.

‘एनओसी आलीय?’

‘येतेय, अण्णा. दिल्लीतून निघालीय.’

‘निघालीय म्हणजे?’

‘अर्ज केलाय.’

‘मग मी टोकन देत नाही. कागद हातात आल्यावर फोन करा.’

‘गाडी जाईल हो अण्णा तोवर.’

‘जाऊ द्या. कागदाशिवाय ज्याला जाईल त्याचीही परतच येईल. दिवाळीनंतर बघू.’